नागपूरच्या उन्हाळ्यात टिकणारा गेमिंग पीसी: सुटे भाग निवडण्याची सविस्तर पद्धत

गेमिंग पीसीच्या सुट्या भागांविषयीचे बहुतेक सल्ले वीस-पंचवीस अंशांच्या थंड खोलीत घेतलेल्या चाचण्यांवर आधारलेले असतात. नागपुरात एप्रिलच्या मध्यापासून मृगाच्या सरी येईपर्यंत एसी नसलेल्या खोलीत दुपारी ३५ ते ४० अंश हे नेहमीचेच असते आणि नवतपात बाहेरचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो. हीटसिंक (उष्णता शोषून हवेत सोडणारा धातूचा भाग) आणि पंख्यांच्या भरवशावर चालणाऱ्या कोणत्याही भागाचे तापमान खोलीच्या तापमानावर रचले जाते, हे एक सूत्र लक्षात ठेवले तर पुढचे अर्धे निर्णय सोपे होतात. २५ अंशांच्या खोलीत ७० अंशांवर स्थिर राहणारे ग्राफिक्स कार्ड ४० अंशांच्या खोलीत ८५ च्या आसपास जाते, पंखे पूर्ण वेगाने गरगरू लागतात आणि मर्यादा गाठताच कार्ड स्वतःहून वेग कमी करते. म्हणजे थंडीत विकत घेतलेली कामगिरी मे महिन्यात हाती लागत नाही.

म्हणून या लेखातील शिफारस आधीच सांगून टाकतो. नागपुरात पीसी जुळवताना ग्राफिक्स कार्ड मनात असेल त्यापेक्षा एक पायरी खालचे घ्यावे आणि वाचलेले पैसे एसएमपीएस (पूर्ण पीसीला वीज पुरवणारा पॉवर सप्लाय), केबिनेट, सीपीयू कूलर आणि यूपीएस यांवर खर्च करावेत. हे चार भाग खेळाच्या वेगाच्या तक्त्यात कुठेच दिसत नाहीत, त्यामुळे दुकानदार आणि ग्राहक दोघेही काटकसर नेमकी तिथेच करतात.

पहिली पायरी: खोली, पडदा आणि खेळ

प्रोसेसरपासून सुरुवात करण्याची सवय सोडून मॉनिटरपासून सुरुवात करावी, कारण पडद्यावर सेकंदाला किती बिंदू रंगवायचे आहेत यावर ग्राफिक्स कार्ड ठरते आणि कार्डावरून एसएमपीएस व केबिनेट ठरतात. १९२० × १०८० च्या पडद्यावर साधारण २१ लाख बिंदू असतात, २५६० × १४४० वर जवळपास ३७ लाख आणि फोर-के पडद्यावर सुमारे ८३ लाख. फोर-के मॉनिटर केवळ स्वस्तात मिळाला म्हणून घेणे म्हणजे कार्डावर कायमचा चौपट भार टाकणे होय. बहुतेक घरांसाठी २४ इंची १०८० किंवा २७ इंची १४४० पडदा आणि १४४ हर्ट्झ किंवा त्याहून जास्त रिफ्रेश रेट (पडदा सेकंदाला किती वेळा नवे चित्र दाखवतो तो आकडा) ही योग्य निवड आहे.

त्यानंतर खेळांचा प्रकार पाहावा. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ यांसारख्या स्पर्धात्मक खेळांत ग्राफिक्स कार्डापेक्षा प्रोसेसरचा वेग आधी कमी पडतो. मोठ्या जगाच्या, कथाप्रधान खेळांत नेमके उलटे घडते. जुना मदरबोर्ड वापरण्याचा विचार असेल तर विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या बोर्डाच्या सुरक्षा सुविधा दोन्ही लागतात, हे आधीच तपासून घ्यावे.

तिसरी गोष्ट खोलीची. खेळताना ४०० वॅट वीज घेणारा पीसी तेवढीच उष्णता खोलीत सोडतो. दीड टनाचा एसी सुमारे ५.३ किलोवॅट उष्णता बाहेर काढू शकतो, त्यामुळे त्याला हा भार फारसा जाणवत नाही. डेझर्ट कूलरच्या खोलीत मात्र हवा बाहेर जायला दार किंवा खिडकी उघडी नसेल तर तासाभरात दमट उकाडा जमतो. रोज चार तास खेळल्यास ४०० वॅटच्या हिशेबाने महिन्याला सुमारे ४८ युनिट होतात, आणि महावितरणचे घरगुती दर टप्प्यांनुसार वाढत असल्याने कूलर-एसीच्या महिन्यांत हेच युनिट वरच्या टप्प्यात जाऊन पडतात.

दुसरी पायरी: पैशांची वाटणी

मॉनिटर आणि यूपीएस सोडून जी रक्कम उरते तिच्यातील ३५ ते ४० टक्के ग्राफिक्स कार्डासाठी, प्रोसेसर व मदरबोर्ड मिळून ३० टक्क्यांच्या आसपास, आणि बाकीची रॅम, एसएसडी, एसएमपीएस, केबिनेट व सीपीयू कूलर यांसाठी ठेवावी. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव जगभर भडकल्याने ही वाटणी ताणली जाते. अशा वेळी कात्री कार्डाला लावावी, एसएमपीएसला लावू नये. आकड्यांची ही चौकट काटेकोर पाळण्यासारखी नाही, पण एखाद्या कोटेशनमध्ये कार्ड ६० टक्के आणि एसएमपीएस नावालाच दिसला तर ते कोटेशन बाजूला ठेवायला हरकत नाही.

तिसरी पायरी: ग्राफिक्स कार्ड

कार्ड निवडताना तीन आकडे पाहावेत: मेमरी किती, वीज किती, आणि लांबी किती. वेगाचे तक्ते त्यानंतर.

८ जीबी मेमरी १०८० पडद्यावर स्पर्धात्मक खेळांना अजूनही पुरते. नव्या मोठ्या खेळांत टेक्स्चर उच्च ठेवले की ती भरते आणि मग सरासरी वेग चांगला दिसत असूनही खेळ मधूनमधून अडखळतो. १४४० पडद्यासाठी १२ किंवा १६ जीबी हवीच. एनव्हिडियाचे आरटीएक्स ५०६० टीआय आणि एएमडीचे आरएक्स ९०६० एक्सटी ही दोन्ही कार्डे २०२५ मध्ये ८ जीबी व १६ जीबी अशा दोन रूपांत आली. दोन्ही रूपांच्या खोक्यावरचे नाव जवळजवळ सारखेच असते, म्हणून बिलावर मेमरीचा आकडा लिहून घ्यावा. इंटेलचे आर्क बी५८० हे १२ जीबीचे कार्ड कमी खर्चात विचार करण्याजोगे आहे, मात्र ते जुन्या प्रोसेसरसोबत लावल्यास त्याची कामगिरी बरीच घसरते.

विजेच्या बाबतीत उत्पादकांनी जाहीर केलेले आकडे बोलके आहेत. आरटीएक्स ५०६० ची मर्यादा १४५ वॅट, ५०६० टीआयची १८० वॅट, ५०७० ची २५० वॅट, ५०७० टीआयची ३०० वॅट आणि आरएक्स ९०७० एक्सटीची ३०४ वॅट आहे. एसी नसलेल्या खोलीत २०० वॅटच्या आतले कार्ड उन्हाळाभर सुखाने चालते. २५० वॅटपासून पुढे केबिनेटची हवा आणि खोलीची हवा या दोन्हींचा गांभीर्याने विचार करावा लागतो. आणि ३०० वॅटचे कार्ड माझ्या मते त्याच घरात न्यावे जिथे खेळताना एसी चालू असणार आहे. एकाच चिपची कार्डे निरनिराळ्या कंपन्या विकतात. त्यांत एका पंख्याचे आखूड कार्ड सर्वांत स्वस्त असते, परंतु नागपुरात दोन किंवा तीन पंख्यांचे, जाड हीटसिंकचे कार्ड घेण्यासाठी जास्त दिलेले पैसे वाया जात नाहीत. उलट कारखान्यातच थोडासा वेग वाढवून महाग विकलेल्या आवृत्तीचा उपयोग जवळजवळ शून्य.

एक बारकावा जुना पीसी वाढवणाऱ्यांसाठी. आरटीएक्स ५०६० आणि ५०६० टीआय ही कार्डे बोर्डाशी जोडणाऱ्या पीसीआय एक्सप्रेस मार्गाच्या आठच लेन वापरतात. बोर्ड तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसचा असेल तर विशेषतः ८ जीबीच्या कार्डाला हा रस्ता अरुंद पडतो. आरएक्स ९०६० एक्सटी सोळा लेन वापरते, त्यामुळे अशा बोर्डावर तेच घ्यावे.

जुने कार्ड विकत घेण्याचा मोह नागपुरातही मोठा आहे. इथेरियम या आभासी चलनाचे ग्राफिक्स कार्डांवर होणारे माइनिंग सप्टेंबर २०२२ मध्ये थांबल्यावर त्या कामात जुंपलेली पुष्कळ कार्डे बाजारात उतरली आणि त्यांतली काही अजून हात बदलत आहेत. असे कार्ड घेताना विक्रेत्याच्या घरी, शक्यतो दुपारी, फरमार्क हा कार्डावर पूर्ण भार टाकणारा चाचणी प्रोग्राम २० ते ३० मिनिटे चालवून तापमान, पंख्यांचा आवाज आणि पडद्यावरचे ठिपके पाहावेत. विक्रेता त्यास तयार नसेल तर परत फिरावे.

चौथी पायरी: प्रोसेसर आणि मदरबोर्ड

येथे आज नव्याने सुरुवात करणाऱ्यासाठी एएमडीचा एएम५ सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसवण्याची जागा) ही स्वाभाविक निवड आहे. तो २०२२ मध्ये आला आणि किमान २०२७ पर्यंत त्याला पाठिंबा देण्याचे एएमडीने जाहीर केले आहे, म्हणजे पुढे बोर्ड न बदलता प्रोसेसर बदलता येईल. रायझन ५ ७६०० हा सहा कोरचा, ६५ वॅट वर्गातला प्रोसेसर मध्यम कार्डासोबत उत्तम जुळतो. स्पर्धात्मक खेळांत २४० हर्ट्झचा पडदा खरोखर वापरणाऱ्यासाठी रायझन ७ ७८००एक्स३डी किंवा ९८००एक्स३डी आहेत. इतरांनी तो फरक कार्डात किंवा एसएमपीएसमध्ये घालावा.

इंटेलकडे वळणाऱ्याने एक इतिहास जाणून घ्यावा. १३व्या व १४व्या पिढीच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरता येत असल्याचे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केले, त्यावर प्रोसेसरच्या आतल्या सूचनांत, म्हणजे मायक्रोकोडमध्ये, दुरुस्त्या दिल्या आणि खोकाबंद प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. त्या पिढ्यांतला प्रोसेसर घेतल्यास मदरबोर्डाचा मूळ प्रोग्राम, म्हणजे बायोस, अद्ययावत केल्याशिवाय खेळायला बसू नये. १२व्या पिढीच्या आय५-१२४००ला हा प्रश्न नाही आणि कमी बजेटमध्ये तो आजही चालतो.

नावापुढे एफ असलेल्या प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स नसते आणि तो थोडा स्वस्त पडतो. तरी येथे एफ नसलेला घ्यावा असे मी सुचवतो, कारण कार्ड वॉरंटीत गेले तर ते परत येईपर्यंत कित्येक आठवडे लागू शकतात आणि तोवर अभ्यास, ऑफिसचे काम व साधे खेळ अंगभूत ग्राफिक्सवर निभतात. शिवाय बिघाड कार्डाचा आहे की बोर्डाचा, हे घरच्या घरी कळते.

मदरबोर्ड बी६५० किंवा बी८५० चिपसेटचा, व्हीआरएमवर धातूचे हीटसिंक असलेला असावा. व्हीआरएम म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग. स्वस्त बोर्डावर तो उघडाच असतो आणि तापलेल्या केबिनेटमध्ये प्रोसेसरच्या आधी तोच धापा टाकतो. आरजीबी दिव्यांवर आणि बोर्डाच्या मोठ्या नावावर खर्च करण्यात अर्थ नाही.

पाचवी पायरी: रॅम आणि एसएसडी

यात घोळण्यासारखे फार नाही. एएम५ साठी १६ जीबीच्या दोन पट्ट्या, डीडीआर५-६०००, सीएल३० किंवा सीएल३६ (सीएलचा आकडा जितका कमी तितका विलंब कमी). भाव परवडत नसेल तर ८ जीबीच्या दोन. एकच पट्टी घेऊ नये, कारण मेमरीचा निम्मा रस्ता बंद राहतो. चारही भरू नयेत, कारण डीडीआर५ मध्ये चार पट्ट्यांनी वेग खाली येतो. एसएसडी चौथ्या पिढीचा एनव्हीएमई, १ टीबी, टीएलसी प्रकारचा घ्यावा आणि तो बोर्डाच्या हीटसिंकखाली बसवावा. एकेक मोठा खेळ १०० जीबीच्या पुढे गेल्याने ५०० जीबीचा एसएसडी घेणारा सहा महिन्यांत पुन्हा दुकानात येतो.

सहावी पायरी: एसएमपीएस, यूपीएस आणि अर्थिंग

नागपुरातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच आहे. कार्ड आणि प्रोसेसर यांची कमाल वीज मिळवावी, बोर्ड, पंखे व डिस्क यांसाठी ७५ वॅट धरावेत आणि बेरजेचे दीडपट करावे. १८० वॅटचे कार्ड आणि सुमारे ९० वॅटपर्यंत जाणारा रायझन ५ ७६०० धरला तर बेरीज ३४५ वॅट होते. दीडपट केल्यास ५२० च्या आसपास, म्हणून ५५० किंवा ६५० वॅटचा एसएमपीएस. ही दीडपट चैन म्हणून सांगितलेली नाही. आधुनिक कार्डे काही मिलिसेकंद आपल्या मर्यादेच्या बरीच वर वीज ओढतात, आणि अर्ध्या भाराच्या आसपास चालणारा एसएमपीएस कमी तापतो.

वॅटचा आकडा कोणत्या तापमानाला दिलेला आहे, हे मात्र जवळजवळ कोणीच विचारत नाही. काही एसएमपीएसची पूर्ण क्षमता ४० अंशांपर्यंतच गृहीत धरलेली असते, चांगल्यांची ५० अंशांपर्यंत. उत्पादकाच्या संकेतस्थळावर ही माहिती असते. ८० प्लस गोल्ड हे चिन्ह कार्यक्षमतेचे आहे, टिकाऊपणाचे नाही, आणि त्याची चाचणी २३ अंशांना होते. एसएमपीएसमधील कपॅसिटरचे आयुष्य तापमान दर दहा अंशांनी वाढले की ढोबळमानाने निम्मे होते. म्हणून १०५ अंशांचे कपॅसिटर आणि सात ते दहा वर्षांची वॉरंटी असलेला नग घ्यावा. केबिनेटसोबत ‘फ्री’ मिळणारा एसएमपीएस दुकानातच ठेवून यावा.

दुसरा बारकावा व्होल्टेजचा. चांगल्या एसएमपीएसवर १०० ते २४० व्होल्ट असा पल्ला छापलेला असतो आणि संध्याकाळी सगळ्यांचे एसी लागल्यावर व्होल्टेज १८० पर्यंत उतरले तरी तो बंद पडत नाही. स्वस्त नगावर २०० ते २४० एवढेच असते. पूर्ण पल्ल्याचा एसएमपीएस असेल तर वेगळ्या स्टॅबिलायझरची गरज नाही.

यूपीएस व्हीएमध्ये विकला जातो, पण कामाचा आकडा वॅटचा. बाजारात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटच देतो. तो ऑफिसच्या पीसीसाठी आहे. खेळताना ३५० ते ४०० वॅट लागणाऱ्या पीसीसाठी १००० ते ११०० व्हीएचा, म्हणजे सुमारे ६०० वॅटचा घ्यावा, आणि त्यावर मॉनिटरव्यतिरिक्त काही लावू नये. घरात इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्ह आहे का आणि त्यावर यूपीएस मोडचे बटण आहे का ते पाहावे. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर गेमिंग पीसी चालवणे टाळावे.

केबिनेटला उघडा हात लागताच झिणझिण्या येत असतील तर दोष पीसीचा नसून अर्थिंगचा असण्याची शक्यता मोठी असते. विदर्भातील काळी माती उन्हाळ्यात कोरडी पडून भेगाळते आणि अर्थिंगच्या खड्ड्याचा जमिनीशी संपर्क कमी होतो, म्हणून मार्च ते जून त्या खड्ड्यात नियमित पाणी घालण्याची जुनी रीत शास्त्राला धरून आहे. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल व अर्थ यांमधील व्होल्टेज मोजून घ्यावे. ते दोन-तीन व्होल्टच्या आत असावे. पावसाळ्याच्या तोंडावर विजा कडकडू लागल्या की प्लग आणि इंटरनेटची केबल दोन्ही काढून ठेवावीत.

सातवी पायरी: केबिनेट, हवा आणि धूळ

समोर काच असलेले केबिनेट दुकानात देखणे दिसते आणि नवतपात भट्टी होते. समोर बारीक जाळी, तिच्यामागे काढता येणारे धूळगाळण, पुढे दोन किंवा तीन १२० अथवा १४० मिलिमीटरचे पंखे हवा आत घेणारे आणि मागे एक बाहेर फेकणारा, एवढी रचना पुरेशी आहे. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त असली की फटींमधून धूळ ओढली जात नाही. रस्त्यांची कामे, कोरडा वारा आणि कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांच्या बाजूची राख यांमुळे शहरात धुळीला तोटा नाही. उन्हाळ्यात दर पंधरवड्याला गाळणी धुऊन, पूर्ण वाळवून बसवावी. खरेदीपूर्वी कार्डाची लांबी आणि सीपीयू कूलरची उंची केबिनेटच्या मर्यादेशी ताडून पाहावी.

प्रोसेसरसाठी चार हीटपाइपचा, एका उंच मनोऱ्याचा एअर कूलर बहुतेकांना पुरतो. लिक्विड कूलर उष्णता अधिक वेगाने वाहून नेतो हे खरे, परंतु तोही खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, आणि त्याचा पंप हा बिघडू शकणारा आणखी एक भाग आहे. १२० वॅटच्या आतल्या प्रोसेसरला तो लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

डेझर्ट कूलरविषयी दोन शब्द. त्याचा झोत थेट केबिनेटवर घेतल्यास तापमान नक्की उतरते, पण वाळ्याच्या ताट्यांतून उडणारे बारीक थेंब सोबत क्षार आणतात; बोअरच्या पाण्याने ताट्यांवर जमणारा पांढरा थर तोच. दमट हवेत पंख्यांवरची धूळही चिकट होऊन बसते. कूलर आणि पीसी यांत सहा-सात फुटांचे अंतर ठेवावे आणि झोत तिरका असावा. पीसी टेबलाच्या बंद कप्प्यात किंवा पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीला चिकटवून ठेवू नये.

आठवी पायरी: खरेदी

ऑनलाइन भाव पाहून, यादी कागदावर उतरवून मग बर्डीत (सीताबर्डीच्या बाजारात) जावे आणि निदान तीन दुकानांतून लेखी कोटेशन घ्यावे. कोटेशनमध्ये ‘१६ जीबी रॅम, ६५० वॅट एसएमपीएस’ असे मोघम लिहिलेले चालत नाही. कंपनी, पूर्ण मॉडेल आणि वॉरंटीची वर्षे हवीत. ऑनलाइन थोडे स्वस्त मिळत असले तरी कार्ड, बोर्ड आणि एसएमपीएस हे तीन भाग शहरातल्या दुकानातून घेण्याचा फायदा बिघाडाच्या दिवशी कळतो. त्या कंपनीचा नग नागपुरातच जमा होतो की कुरिअरने मुंबईला पाठवावा लागतो, हे आधी विचारावे. जीएसटीचे बिल प्रत्येक भागाच्या सिरीयल नंबरसह घ्यावे. बिलाशिवाय कमी भावात देऊ केलेला माल बहुधा भारतातील वॉरंटीचा नसतो.

नववी पायरी: जुळवल्यानंतरची चाचणी

रॅम दोन पट्ट्यांची असेल तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवावी. एएम५ बोर्ड पहिल्यांदा सुरू होताना मेमरी जुळवून घेण्यास काही मिनिटे घेतो आणि तोवर पडदा काळा राहतो. घाबरून वीज बंद करू नये. बायोस अद्ययावत करून एक्स्पो किंवा एक्सएमपी (रॅम छापील वेगाने चालवणारी बायोसमधील सेटिंग) चालू करावे, अन्यथा ६००० ची रॅम ४८०० वरच धावते. मॉनिटरची केबल बोर्डाला न लावता कार्डाला लावावी आणि विंडोजमध्ये रिफ्रेश रेट स्वतः निवडावा, कारण तो पुष्कळदा ६० हर्ट्झवरच राहिलेला असतो.

मग मेमटेस्ट८६ ही रॅमची चाचणी रात्रभर चालवावी आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सिनेबेंच ही प्रोसेसरची चाचणी व एखादा जड खेळ तासभर चालवून एचडब्ल्यूइन्फो या मोफत प्रोग्राममध्ये तापमाने नोंदवावीत. रायझन ५ ७६०० ची मर्यादा ९५ अंश आहे. खेळताना तो ८० च्या आत असावा. कार्ड ८० च्या वर रेंगाळत असेल तर आफ्टरबर्नर या कार्ड नियंत्रित करणाऱ्या प्रोग्राममध्ये पॉवर लिमिट (कार्डाला मिळणाऱ्या विजेची मर्यादा) ८० टक्क्यांवर आणून पाहावे. खेळाचा वेग सहसा थोडक्याच टक्क्यांनी उतरतो, तापमान आणि आवाज मात्र ठळकपणे कमी होतात. एप्रिल ते जूनसाठी हे एक प्रोफाइल आणि उरलेल्या वर्षासाठी दुसरे, असे जतन करून ठेवता येते.

काही कंपन्या कार्डाची वाढीव वॉरंटी खरेदीनंतर ठरावीक दिवसांत ऑनलाइन नोंदणी केली तरच देतात, म्हणून ती त्याच आठवड्यात करून घ्यावी. थर्मल कागदावर छापलेले बिल उन्हाळ्याभरात पांढरे पडते, तेव्हा त्याचा फोटो आणि झेरॉक्स दोन्ही काढून ठेवावेत, आणि कार्डाचे व एसएमपीएसचे खोके वॉरंटी संपेपर्यंत टाकू नयेत.